बाळगुटीतलं शिसं : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

विषय आज पक्का झाला. माझा मूळ प्रस्ताव बाजारातल्या चूर्णांत शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा मोजण्याचा होता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तो वाचून बाजूला ठेवला. "हे दर वर्षी कुणी ना कुणी करतं. त्रिफळा, अश्वगंधा, पाच कंपन्या, चार धातू, एक तक्ता. तुला स्वतःला काय जाणून घ्यायचंय ते सांग."

मला जे जाणून घ्यायचंय ते सध्या घरात रोज चाललंय. भाची अडीच महिन्यांची झाली. डॉक्टर म्हणतात, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, वरचं पाणीसुद्धा नको. आई म्हणते, गुटीशिवाय बाळ अंग धरत नाही. वहिनी दोघांच्या मध्ये. परवा तिने मला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारलं, "तू केमिस्ट्रीवाली ना? मग सांग, गुटीत शिसं असतं का?" मी म्हटलं, बघून सांगते. आता बघणं आलं.

मर्यादा वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवल्या. आयुर्वेदिक फार्माकोपियाप्रमाणे वनौषधीत दर किलोला शिसं १० मिलिग्रॅम, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. निर्यातीच्या वनौषधींना ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची आहे. त्यामागे २००४ चा बोस्टनचा अभ्यास होता. तिथल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं.

रसौषधी, म्हणजे पारा आणि धातू घालून केलेली औषधं, यात घेणार नाही. आरोग्यवर्धिनीत पारा सापडला तर त्यात शोध कसला, कज्जली (पारा आणि गंधक खलून केलेली काळी पूड) घालूनच ती करतात. तो वाद वेगळा. मला जे मुद्दाम घातलेलं नाही ते शोधायचंय.

१३ जानेवारी, शनिवार

नमुने गोळा केले. चार दुकानं. क मंडईजवळचं, ख उपनगरातलं किराणा-कम-आयुर्वेदिक, ग पेठेतलं जुनं काष्ठौषधीचं, घ म्हणजे मॉलमधलं तयार पाकीट. दुकानांची नावं वहीत कुठेच लिहायची नाहीत असं ठरवलंय, तशी चिठ्ठी फक्त मॅडमच्या कपाटात.

यादी आईकडून घेतली: मुरुडशेंग, वेखंड, बाळहिरडा, बेहडा, मायफळ, काकडशिंगी, अतिविष, नागरमोथा, सागरगोटा, जायफळ, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, आस्कंद, खारीक, बदाम. सोळा जिन्नस, चार दुकानं, चौसष्ट पुड्या. प्रत्यक्षात त्रेसष्ट, कारण ख कडे अतिविष नव्हतं. "परवडत नाही ठेवायला," म्हणाला. खरंच महाग आहे, बाकीच्या ठिकाणीही दहा-दहा ग्रॅमच घेतलं. इतर जिन्नस पन्नास ग्रॅम.

ग मध्ये अर्धा तास गेला. शनिवारची मारुतीच्या सामानाची गर्दी. काकांनी पितळी तराजूत एकेक जिन्नस तोलून रद्दीच्या पेपरात पुड्या बांधल्या, वर दोऱ्याची गाठ अशी मारली की लॅबमध्ये कात्रीच लागली. "किती महिन्यांचं बाळ?" विचारून त्यांनी खारीक स्वतः निवडून दिली. पाकीट सोडलं तर कशावरच लेबल नाही, बॅच नंबर नाही. पुडीवर मी जे पेनने लिहिलं तीच तिची ओळख.

१५ जानेवारी, संक्रांत

सुट्टी, पण काम झालं. आईला म्हटलं, रोज जशी उगाळतेस तशी एकदा माझ्यासमोर उगाळ. लॅबमधून मिलिक्यूचं, म्हणजे अतिशुद्ध केलेलं पाणी बाटलीत आणलं होतं. आई म्हणाली, दुधात उगाळतात. मी म्हटलं, दुधाचं मला काही मोजायचं नाही.

बघण्यासारखं होतं. सहाणेवर पाण्याचे चार थेंब, मग मुरुडशेंगेचे दोन वेढे, वेखंडाचा एकच ("वेखंड जास्त झालं तर बाळ ओकतं"), हिरड्याचे तीन, जायफळाचा अर्धा, कारण जायफळाने झोप येते. हात इतका सवयीचा की मोजतेय असं वाटतच नाही. मधेच थांबून बोटाने चाटण एका बाजूला ओढायचं आणि पुढचं लाकूड घ्यायचं.

माझा बेत साधा होता. प्रत्येक कांडी उगाळण्याआधी आणि नंतर वजन करायची, फरक म्हणजे बाळाच्या पोटात गेलेली मात्रा. पहिलीच मुरुडशेंग उगाळल्यावर आधीपेक्षा जड भरली. पाणी प्यायली ती. माझ्या चेहऱ्याकडे बघून वहिनी इतकी हसली की बाळ जागं झालं. दुसरी पद्धत: सगळं चाटण काचेच्या वाटीत खरवडून लॅबच्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर सुकवायचं.

शेवटी आईने बोटातली अंगठी काढली आणि सोन्याचे दोन वेढे दिले. हे माझ्या यादीत नव्हतं. जुन्या दागिन्यांचे सांधे केडीएमच्या डाखाने जोडलेले असत आणि केडीएम म्हणजे कॅडमियम. आईला विचारलं, अंगठी कधीची? "तुझ्या बाबांनी केली, हॉलमार्कची आहे." मग ठीक. पण आजीची पाटली कुणी उगाळत असेल तर?

१६ जानेवारी

सुकलेलं चाटण: १४३ मिलिग्रॅम. सोळा जिन्नस आणि सहाणेचा जो काही दगड झिजला तो मिळून. वेखंडाचा एकच वेढा वेगळा करून पाहिला, तीनदा, सरासरी ९ मिलिग्रॅम.

या आकड्यावरून एक गंमत लक्षात आली. गुटीतलं सगळं साहित्य शिशाच्या मर्यादेवर, म्हणजे बरोबर १० वर असलं, तरी बाळाला दिवसाला १.४ मायक्रोग्रॅम शिसं जाईल. अमेरिकेच्या एफडीएचा लहान मुलांसाठीचा संदर्भ आकडा दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम, सगळ्या खाण्यापिण्यातून मिळून. म्हणजे निम्म्याहून जास्त एकट्या गुटीत. आता मोठ्या माणसाचं बघा: चूर्ण तीन-तीन ग्रॅम दोन वेळा, तेही मर्यादेवरचं, तर ६० मायक्रोग्रॅम. औषधांतल्या अशुद्धींच्या आंतरराष्ट्रीय नियमात तोंडावाटे शिशाची दिवसाची मुभा ५ मायक्रोग्रॅम आहे. बारा पट, आणि तरीही ते चूर्ण 'पास'. मर्यादा किलोवर बांधलेली आहे, चमच्यावर नाही. मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हे प्रस्तावनेत घाल. पण आधी मोजून तर ये."

१८ जानेवारी

सहाणेचा निकाल लावला. तिच्यावर टेफ्लॉनची कांडी १०० वेढे घासली, पाणी गोळा केलं, सुकवलं, विरघळवलं. दगड झिजतो, ॲल्युमिनियम आणि लोह भरपूर. शिसं नावापुरतं. सहाण सुटली.

१९ जानेवारी

दिवस वाईट. ब्लँकमध्येच शिसं. नमुना नाही, फक्त आम्ल आणि पाणी, आणि तरी अडीच पीपीबी (अब्ज भागांत अडीच). सगळी प्लॅस्टिकची भांडी पुन्हा दहा टक्के नायट्रिकमध्ये रात्रभर. लॅबमधले मामा म्हणाले, "मागच्या वर्षीच्या पोरांनी त्या टबात सोल्डरचं काहीतरी धुतलं होतं." हे आत्ता सांगतात! टब बदलला.

२३ जानेवारी

वाटण्याचं काम संपत नाही. मिक्सर वापरता येत नाही, पात्याचं क्रोमियम-निकेल नमुन्यात येतं. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हातोडीने फोडायचं आणि अगेटच्या (अकीक दगडाच्या) खलात कुटायचं. सागरगोटा फुटता फुटत नाही. खारीक खलाला चिकटते. वेखंड तंतुमय, कुटलं की त्याचा कुंचा होतो, म्हणून सिरॅमिकच्या सुरीने दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे केले आणि तसेच वापरले. (हा निर्णय लक्षात ठेवणे.)

मायक्रोवेव्हमध्ये प्रत्येकी अर्धा ग्रॅम नमुना, ८ मिली नायट्रिक, २ मिली पेरॉक्साइड, १९० अंशांवर वीस मिनिटं, मग ५० मिलीपर्यंत पाणी. जायफळाने घात केला. तेलकट आहे हे माहीत असून अर्धा ग्रॅम टाकलं, दाब चढला, भांड्याने वाफ सोडली आणि पिवळा-तपकिरी धूर. फ्यूम हूड चालू होता म्हणून बरं. जायफळ आणि बदाम ०.२ ग्रॅमच घ्यायचे, आणि आम्ल घातल्यावर अर्धा तास झाकण न लावता ठेवायचे.

३० जानेवारी

दुसऱ्या संस्थेतल्या आयसीपी-एमएसवर (धातूंचे अणू वजनावरून मोजणारं यंत्र) पहिला दिवस. सकाळी साडेआठ ते रात्री आठ.

सुरुवात पडताळणीच्या पीचच्या पानांनी केली. निस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेच्या, १५४७ क्रमांकाच्या बाटलीत शिसं दर किलोला ०.८७ मिलिग्रॅम असायला हवं, आम्हाला ०.८३ मिळालं. पंचाण्णव टक्के. ऑपरेटर सरांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघून मान डोलावली. पाऱ्यासाठी सगळ्या नळ्यांत थोडं सोन्याचं द्रावण घातलं, नाहीतर पारा नळीलाच चिकटून बसतो आणि पुढच्या तीन नमुन्यांत मागच्याचं भूत दिसत राहतं. आर्सेनिकला हेलियम मोड, कारण प्लाझ्मातला आर्गॉन आणि नमुन्यातला क्लोरीन मिळून नेमकं ७५ वजन भरतं आणि यंत्र त्याला आर्सेनिक समजतं.

बहुतेक आकडे कंटाळवाणे, म्हणजे चांगले. मुरुडशेंगेत चारही ठिकाणी शिसं ०.५ ते १.३. हिरडा, बेहडा त्याहून कमी. नागरमोथ्यात क कडच्या नमुन्यात कॅडमियम ०.२१, मर्यादेच्या आत पण जवळ. तो ओलसर जागी वाढतो, कुठल्या नाल्याकाठी उपटला कोण जाणे. पारा कुठेच मर्यादेजवळ नाही.

आणि मग ग-वेखंड. यंत्र म्हणालं ४६०-एक पीपीबी. माझा वक्र, म्हणजे ज्ञात द्रावणांवरून आखलेली मोजपट्टी, १०० वर संपतो. दहा पट पातळ करून पुन्हा दिलं. ४६. दर किलोला ४६ मिलिग्रॅम शिसं.

आधी आनंद झाला हे लिहून ठेवते. मग भाची आठवली.

३१ जानेवारी

ग-वेखंड पुन्हा, त्याच पुडीतून दोनदा नव्याने. ७ आणि १९. कालचे ४६. क, ख, घ चं वेखंड १ ते २ च्या मध्ये, दोन्ही वेळा सारखंच.

मॅडम आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "वनस्पतीने मुळातून शिसं घेतलं असतं तर ते सगळीकडे पसरलेलं असतं. ४६, ७, १९ हे पसरलेलं नाही, हे सांडलेलं आहे." मग म्हणाल्या, "आता तू केमिस्ट नाहीस, पोलीस आहेस."

संशयित लिहिले. पाणथळ जमीन (बाद, वरच्याच कारणाने). माझा खल (वेखंड खलात घातलंच नव्हतं, बरं झालं). रद्दीच्या कागदाची शाई. हळद.

हळदीचा संशय मला मनापासून होता. बांगलादेशात हळकुंडांना पिवळा झळाळ यावा म्हणून लेड क्रोमेट चोळत होते. २०१९ मध्ये तिथल्या गरोदर बायकांच्या रक्तातल्या शिशाचा माग समस्थानिकांवरून (शिशाचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू, त्यांचं प्रमाण स्रोतागणिक बदलतं) थेट हळदीपर्यंत काढला गेला. ग काकांनी हळकुंड आणि वेखंड एकापाठोपाठ तोललं होतं. जुळतंय.

१ फेब्रुवारी

जुळत नाही. लेड क्रोमेटमध्ये वजनाने चार भाग शिशाला एक भाग क्रोमियम असायला हवं. ४६ शिशामागे साडेअकराच्या आसपास. त्याच बाटलीतलं क्रोमियम मोजलं: १.९. शिवाय ग चं हळकुंड स्वतः स्वच्छ आहे, शिसं १.१. हळदीची माफी मागते.

पुडीचा कागदही विरघळवून पाहिला. त्यातही काही नाही.

२ फेब्रुवारी

सापडलं.

ग-वेखंडाचे न चिरलेले तुकडे स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवले. वेखंडाच्या कांडीवर पेऱ्यापेऱ्याला जुन्या पानांच्या तळाची तुसं असतात, केसाळ, खवल्यांसारखी, आणि खाली मुळं तुटल्याचे वाटोळे खड्डे. चौथ्या तुकड्याच्या एका खड्ड्यात नारिंगी ठिपका. साध्या डोळ्याला तो तुसाचाच रंग वाटला असता. चाळीस पटीत तो झेंडूच्या पाकळीसारखा पेटलेला. मग नजर बसली आणि दिसतच गेले. तिसऱ्या पेऱ्यात दोन, तुसांत अडकलेला एक. ओल्या ब्रशच्या टोकाने सात दाणे उचलून वॉचग्लासवर ठेवले, मोठ्यात मोठा एक दशांश मिलिमीटरचा.

पातळ नायट्रिक आम्लाचा एक बारीक थेंब. नारिंगी दाणे डोळ्यांदेखत चॉकलेटी झाले. बारावीच्या पुस्तकातली प्रतिक्रिया: लाल शिसं, म्हणजे शिशाचा लाल ऑक्साइड, त्यातलं दोन तृतीयांश शिसं पाण्यात उतरतं आणि उरलेलं तपकिरी डायऑक्साइड होऊन तळाशी बसतं. वरचं पाणी ओढून पोटॅशियम आयोडाइड लावलं, सोनपिवळा साका. तपकिरी अवशेषावर पेरॉक्साइडचा थेंब टाकला, बुडबुडे आले आणि तेही विरघळलं. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं लाल खनिज, असता तर नायट्रिकमध्ये ढिम्म हलला नसता.

शेंदूर.

मामांना दाखवायला बोलावलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, "मारुतीचा?" तेव्हा मला नोंदवहीतला १३ तारखेचा वार आठवला.

३ फेब्रुवारी, शनिवार

ग मध्ये गेले, पण आत न जाता पंधरा मिनिटं समोर उभी राहिले. शेंदराची बरणी तराजूच्या डोक्यावरच्या फळीवर. गिऱ्हाईक आलं की काका पत्र्याच्या डावाने शेंदूर काढतात, पितळी पारड्यात घालतात, कागदावर उलटतात, पारडं तळहाताने एकदा ठोकतात. मग पुढचं गिऱ्हाईक, त्याच पारड्यात सुंठ. माझ्या डोळ्यांसमोर पाच शेंदूर आणि एक ज्येष्ठमध.

पन्नास ग्रॅम शेंदूर घेतला. काकांनी ओळखलं. "काय ताई, बाळ कसंय?"

सांगावं की नाही ते ठरवून गेले नव्हते. सांगितलं. मोबाइलमधले फोटो दाखवले. आधी त्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं याच पारड्यात देतोय. कुणाचं पोर आजारी पडल्याचं सांगा." मग जरा वेळाने, "आणि दुकानाचं नाव लिहिलंय का कुठे?"

"नाही काका. ग लिहिलंय."

"ग म्हणजे?"

"काही नाही. क, ख नंतरचा ग."

"गुटीचा ग समजतो," म्हणाले. शेंदूर शिशाचा असतो हे त्यांना माहीत होतं, मलमात घालायला वैद्य नेतात म्हणून. ते पारड्यातून चालत जातं हे डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नव्हतं, मी तिथे अर्धा तास उभी होते.

७ फेब्रुवारी

एका दाण्याचा हिशेब. एक दशांश मिलिमीटरचा गोल दाणा, शेंदराची घनता ९ च्या आसपास, त्यात शिसं ९० टक्के. साधारण ४ मायक्रोग्रॅम. दाणा म्हणजे बारीक पुडीची गोळी, आत पोकळी असणार, म्हणून तीन धरले तरी चालतील. एका दाण्यात. एफडीएचा दिवसाचा आकडा २.२.

आता मागचे तीन निकाल उलगडले. अर्ध्या ग्रॅममध्ये ७ म्हणजे साडेतीन मायक्रोग्रॅम, एक दाणा. १९ म्हणजे दोन-तीन. ४६ म्हणजे पाच-सहा. यंत्र शिसं मोजत नव्हतं, दाणे मोजत होतं. वेखंड मी खलात कुटून एकजीव केलं असतं तर तिन्ही वेळा एकच नीटस आकडा आला असता, २० किंवा २५, आणि मी 'पाणथळ जमिनीतील शोषण' असं लिहून मोकळी झाले असते.

बाळाच्या बाजूने बघितलं तर सरासरीला अर्थच नाही. ४६ ने हिशेब केला तर वेखंडाच्या एका वेढ्यात ०.४ मायक्रोग्रॅम. पण बाळाला सरासरी कधीच मिळत नाही. बहुतेक दिवशी जवळपास काहीच जाणार नाही, आणि एखाद्या दिवशी सहाणेखाली अख्खा दाणा येईल. शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना म्हणते ते अशा वेळी फार जवळचं वाटतं.

९ फेब्रुवारी

मॅडमचा आग्रह: रंग आणि थेंबाच्या परीक्षेवर थांबायचं नाही. शिशाच्या २०६ आणि २०७ या समस्थानिकांचं गुणोत्तर काढलं. ग चा शेंदूर १.०७. न धुतलेलं ग-वेखंड १.०८. क चं वेखंड १.१५. आमच्या साध्या क्वाड्रुपोल प्रकारच्या यंत्रावर तिसऱ्या दशांशाचा भरवसा नाही, पण इथे दुसराच बोलतोय.

धुण्याचा प्रयोगही केला. ग चेच तुकडे मिलिक्यूमध्ये पाच-पाच मिनिटं तीनदा हलवून धुतले. उरलं २.१, १.६, ३.८. शेवटचा आकडा तुसं जास्त असलेल्या तुकड्यांचा. दात घासायच्या नव्या ब्रशने खड्डे घासल्यावर तिथेही १.४. आईला विचारलं, तू काय करतेस? म्हणाली, "आणल्यावर कोमट पाण्याने धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, मग डब्यात. धुतल्याशिवाय बाळाला कोण देतं?" हे मी यादी घेताना विचारलंच नव्हतं. प्रत्यक्षात गुटी धुतलेल्या कांड्यांची असते आणि मी मोजत बसले पुडीतल्या कांड्या. प्रबंधात दोन्ही रकाने द्यावे लागणार.

पण सगळ्याच घरी धुतात असं नाही. वहिनीच्या माहेरी कोरड्या फडक्याने पुसतात.

१२ फेब्रुवारी

ग मधून घेतलेले बाकीचे जिन्नस मायक्रोस्कोपखाली. जे खडबडीत त्यांत दाणे: सुंठीच्या बेचक्यांत दोन, काकडशिंगीच्या सुरकुत्यांत एक. सागरगोटा, बदाम, जायफळ गुळगुळीत, कोरे. आयसीपीवर सुंठ पहिल्यांदा पास झाली होती, त्या अर्ध्या ग्रॅममध्ये दाणा नव्हता इतकंच.

क मध्येही शेंदूर मिळतो, पण कारखान्यातून बांधून आलेल्या पुड्यांत. ख मध्ये ठेवतच नाहीत.

वेखंडाबद्दल एक वेगळं वाचलं. अमेरिकेत ते खाद्यपदार्थांत घालायला १९६८ पासून बंदी आहे, शिशामुळे नाही, त्यातल्या बीटा-ॲसरोन नावाच्या रसायनामुळे. मॅडम म्हणाल्या, "तो पुढच्या वर्षीच्या कुणाचा तरी विषय." वहिनीला मात्र सांगितलं. तिने गुटीचा डबा माळ्यावर टाकलाय, सहा महिने होईपर्यंत. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. आज बोलली, "लॅबमधल्या त्या ब्रशचं काय ते सांग, डबा उतरवायच्या वेळी लागेल."

१७ फेब्रुवारी, शनिवार

मुद्दाम शनिवारी, मुद्दाम गर्दीच्या वेळी ग मध्ये. काकांनी शेंदराची बरणी खालच्या कप्प्यात हलवलीये. तिच्यासाठी वेगळा प्लॅस्टिकचा काटा, वेगळा डाव. मला बघून नुसतं बोट दाखवलं तिकडे. वेखंड, सुंठ, काकडशिंगी पन्नास-पन्नास ग्रॅम मागितलं.

माझ्या पुढच्या माणसाला त्यांनी शेंदूर दिला, नव्या काट्यावर. मग गल्ल्याशेजारचं फडकं घेऊन हात पुसले. मग त्याच फडक्याने, माझ्यासाठी म्हणून अगदी निगुतीने, पितळी पारडं पुसलं.

काही बोलले नाही. पुड्या घेतल्या, पैसे दिले आणि फडक्याचा एक कोपरा कापून मागितला. काकांनी कात्री दिली. सोमवारी शिवजयंतीची सुट्टी. मंगळवारी मायक्रोवेव्ह लावायचा, नमुना क्रमांक ग-१७.